चिंकाऱ्याचं थांबणं

फार वर्षांपूर्वी, माळाला कुंपणं नव्हती तेव्हा, एका चिंकाऱ्याची आणि एका रानडुकराची दोस्ती होती. बाकीची जनावरं जीव वाचवायला पळत. हे दोघे मात्र हौस म्हणून पळायचे. थंडी सरायच्या आत लांबच्या तळ्यापर्यंत पळत जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

वाटेत सहा बाभळी होत्या. चिंकारा पुढे जायचा, बाभळीखाली बसून शेंगा खायचा आणि डुकरोबा धापा टाकत आला की उठायचा. "आलास? चल!" मित्राला आपण किती सांभाळून घेतो, असं त्याला मनापासून वाटे.

चौथ्या बाभळीपुढे डुकरोबाची मजल कधी गेली नाही. आठव्या दिवशी तर तो तिथेच आडवा झाला.

"सराव कमी पडतोय तुझा," चिंकारा म्हणाला. "मी बघ, अजून ताजा आहे. शिवाय प्रत्येक झाडाशी तुझ्यासाठी थांबतो, ते वेगळंच."

"थांबतोस खरा," डुकरोबा म्हणाला. "पण मी पोचलो की निघतोस. चार बाभळी झाल्या, चारही विसावे तुझेच. मी कुठे बसलो?"

चिंकाऱ्याची शेंग तोंडातच राहिली.

दुसऱ्या दिवशी डुकरोबा पहिल्या बाभळीशी पोचला. चिंकारा सवयीनं उठला, आणि पाय मुडपून पुन्हा बसला. डुकरोबाही बसला. त्यानं चार शेंगा खाल्ल्या, त्याची धाप ओसरली. चिंकाऱ्याला तेवढा वेळसुद्धा फार लांब वाटला.

मग डुकरोबाच म्हणाला, "चल."