आजोबा म्हणाले शी

चूक आजोबांची.

ताटात दोडक्याची भाजी आली. आजोबांनी नाक मुरडलं. म्हणाले, "शी."

समोर छोटी रेवू बसली होती. तिनं ऐकलं. तोंड गच्च मिटलं.

ताटाशेजारी एक मुंगी बसली होती. रेवू रोज खायची, रोज सांडायची. सांडला कण मुंगीचा. घरी पिल्लं भुकेली. आज कणच नाही.

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली रेवूकडे.

"कण सांडेना. रेवू, रेवू, दोडका खा."

रेवू म्हणाली, "आधी दादा, मग मी."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली दादाकडे.

"रेवू खाईना, कण सांडेना. दादा, दादा, दोडका खा."

दादा म्हणाला, "बुळबुळीत आहे. आधी आई, मग मी."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली आईकडे.

"दादा खाईना, रेवू खाईना, कण सांडेना. आई, आई, दोडका खा."

आई म्हणाली, "मी वाढतेय, दिसत नाही? आधी बाबा, मग मी."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली बाबांकडे.

"आई खाईना, दादा खाईना, रेवू खाईना, कण सांडेना. बाबा, बाबा, दोडका खा."

बाबांनी मोबाईलमधून मानही वर केली नाही. म्हणाले, "आधी आजोबा, मग मी."

तुरुतुरु तुरुतुरु, मुंगी गेली आजोबांकडे.

"बाबा खाईनात, आई खाईना, दादा खाईना, रेवू खाईना, कण सांडेना. आजोबा, आजोबा, दोडका खा."

आजोबा म्हणाले, "मी सगळ्यात मोठा. मला कोण सांगणार?"

आणि ढेकर दिला. ढुर्रर्र.

घास नाही खाल्ला, आणि ढेकर?

मुंगी चढली गुडघ्यावर. गुडघ्यावरून पोटावर. पोटावरून सदऱ्याच्या खिशात.

कुर्रुम.

मुंगी बाहेर डोकावली. "खिशात शेव आहे."

सगळे आजोबांकडे बघायला लागले.

रेवू म्हणाली, "आजोबा, तुम्ही खिशात जेवता?"

"थोडीशीच होती," आजोबा म्हणाले.

आईनं हात पुढे केला. "द्या इकडे."

आजोबांनी शेव दिली. गुपचूप घास घेतला. मचक मचक.

आजोबा खाऊ लागले, बाबा खाऊ लागले. बाबा खाऊ लागले, आई खाऊ लागली. आई खाऊ लागली, दादा खाऊ लागला. दादा खाऊ लागला, रेवूनं तोंड उघडलं. मचक मचक.

कण सांडला. टप.

आईनं मुंगीला विचारलं, "शेव घेतेस?"

"नको बाई. तिखट लागते. दोडका कसा गोड."

कण तोंडात धरून मुंगी घरी गेली. तुरुतुरु तुरुतुरु. पिल्लं पोटभर जेवली.

आजोबांची सगळी शेव गेली.