खैरमाळच्या तळ्यातला खुंट

खैरमाळच्या तळ्याच्या मधोमध दगडांनी बांधून काढलेला जो उंचवटा दिसतो, त्याला नवखा माणूस बेट म्हणतो. आम्ही खुंट म्हणतो. बैलगाडी उभी राहील एवढीच ती जागा. वर दूर्वा आहेत आणि उन्हाळा कितीही कडक असो, त्या हिरव्याच राहतात. तिथे देऊळ नाही, समाधी नाही, मग एवढं राखलंय तरी काय, असं पाहुणे बांधावर उभे राहून विचारतात. त्यांना आधी सावलीत बसवायचं, पाणी द्यायचं आणि मगच सांगायचं, ही इथली रीत. गोष्ट आमच्याच वाडवडिलांची आहे आणि तिच्यात ते फारसे शोभून दिसत नाहीत. पण सांगायची तर सगळीच सांगावी.

असे सांगतात की पूर्वी इथे नुसता माळ होता, कावळ्याला चोच बुडवायलाही पाणी नव्हतं. तेव्हाच्या संस्थानिकांनी तळं खोदायचं ठरवलं आणि कृष्णेपलीकडून मातीकाम करणारे वडार बोलावून घेतले. बोलावून घेतले, हे लक्षात ठेवा. ते आपणहून आले नव्हते. तीन वर्षं ती माणसं आणि त्यांची गाढवं राबली. तळं भरलं की काठावर तुमचं गाव वसवू, असा शब्द त्यांना मिळाला होता. तळं भरलं. बांधावर नारळ फुटले, घरोघरी पुरण शिजलं. आणि वडारांच्या नावापुढे पहिल्या दिवशी दप्तरात ‘वाटसरू’ असं जे लिहिलं होतं, ते तसंच राहिलं.

ते विसरून राहिलं असं कुणी समजू नये. वाटसरू माणूस फार सोयीचा असतो. त्याला वेठीला धरता येतं, पण हक्काचा पाणवठा द्यावा लागत नाही. घराला दगडी पाया घालायचा हक्क त्याला नसतो. ज्यांनी बांधाला लाखभर दगड चढवले, त्यांच्या खोपटाखाली एक दगड चालत नव्हता. इथे जन्मलेली त्यांची पोरं वाटसरू, पोरांची पोरंही वाटसरू. पन्नास वर्षं एका जागी बसलेला वाटसरू दुसरीकडे कुठे पाहायला मिळाला तर सांगा. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण आम्हाला कुणी शिकवावी लागली नव्हती.

त्या वस्तीत नागव्वा नावाची म्हातारी होती. खोदाई चालली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची पोर होती. तिचा मुलगा आणि सून पटकीत गेले. मागे राहिली एक नात, हनमव्वा, आणि तिला नववा महिना लागला होता. म्हातारीचं सगळं जग त्या पोरीच्या पोटाभोवती गोळा झालं होतं. पोरीचं बाळंतपण छपराखाली व्हावं, एवढंच तिला देवाकडे मागायचं उरलं होतं.

त्याआधी ओळीने दोन पावसाळे कोरडे गेले होते. तळं खाली गेलं, तशी माणसांची मनंही खाली गेली. उपऱ्यांची गाढवं तळं पितात, असं चावडीवर बोललं जाऊ लागलं. संस्थानात तेव्हा नवा कारभारी आला होता. त्याचं नाव गावाने मुद्दाम विसरून टाकलं आहे. त्याने लोकांचा रोख पाहून हुकूम काढला. ज्याची नाळ गावच्या मातीत पुरली तो गावचा, बाकी वाटसरूंनी चैत्रातल्या अमावास्येला शीव ओलांडावी. वाटसरूंच्या वस्तीतली माती गावची धरली जाणार नव्हती. दवंडी पिटली गेली. हनमव्वाचे दिवस त्याच सुमाराला भरत होते.

नागव्वा चावडीवर गेली. कारभाऱ्याशेजारी हैबती पाटील बसले होते. पन्नाशीचे गृहस्थ, माणूस वाईट नव्हता, पण वरच्याचा शब्द आला की मान हलवायची त्यांना सवय लागली होती.

“मालक, आमच्या नाळा हितंच हायत्या,” नागव्वा म्हणाली. “तळ्यात.”

चावडी हसली. पाटीलही हसले.

तिने सांगितलं ते असं. मातीकाम करणारे लोक खोदताना मधूनमधून मूळ जमिनीचे खुंट तसेच सोडतात. त्यांच्या माथ्यावरचं गवतही काढत नाहीत, म्हणजे किती खोल खणलं याचं माप त्यावरून घेता येतं. माप झालं की खुंट पाडायचे. नागव्वाची आई यल्लव्वा सुईण होती. खोदाईच्या दिवसांत बाळं जन्मू लागली तेव्हा नाळ पुरावी कुठे, हा तिला पेच पडला. आज जिथे पुरावी ती माती उद्या गाढवाच्या पाठीवरून बांधावर जायची. जागची न हलणारी माती एकच, मधल्या खुंटाची. म्हणून तिने एकेक नाळ गाडग्यात घालून त्या खुंटाच्या माथ्यात पुरली. पुढे सगळे खुंट पाडले, तेव्हा तिच्या नवऱ्याने तेवढ्या एकाला कुदळ लावू दिली नाही. देखरेखीवरचा माणूस म्हणाला, राहू दे, पाण्यात आपोआप विरघळेल.

“म्हणजे विरघळला असणार,” कारभारी म्हणाला आणि त्याने पान लावायला घेतलं. “काढून दाखव, मग बोलू.”

नागव्वा बांधावर येऊन बसली. एवढं तळं आटलं होतं, तरी गाळात खचलेला खुंट काही दिसत नव्हता. गाव देव पाण्यात घालून बसलं होतं की असलेलं पाणी टिको. आणि तिला मात्र ते उतरायला हवं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. आपल्या पोरीचं छप्पर राहावं म्हणून साऱ्या गावाने तहानेनं मरावं, असं मागायचं कसं? तेव्हा ती तळ्याला हात जोडून नवस बोलली म्हणे. “तू आट असं मी म्हननार न्हाई. पर दिसायचा आसंल तर खुंट दिसू दे. तवर तुझं पानी माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. माझ्यापायी वंजळभर बी कमी व्हायला नगं.”

त्या दिवसापासून ती दीड कोसावरच्या ओढ्यात वाळू उकरायची, वाटीवाटीने घडा भरायची आणि तेच पाणी प्यायची. वय साठ, ऊन चैत्राचं. गावच्या बायका बांधावरून हे बघत होत्या. आणि तळ्यावर येणारी पाटलांच्या घरची घागर त्या दिवसांत जरा उणी भरू लागली, असं सांगतात.

अमावास्येची सकाळ उजाडली. वस्तीने खोपटं मोडली, गाढवं लादली. हनमव्वाला कळा सुरू झाल्या होत्या. तिला बांधाच्या सावलीत निजवून बायकांनी लुगड्याचा आडोसा केला. नागव्वा शेवटचं बघून घ्यावं म्हणून बांधावर चढली, तर तळ्याच्या मधोमध पाण्यावर काहीतरी हिरवं दिसत होतं. तिला वाटलं शेवाळ असेल. पण बघता बघता ते वीतभर वर आलं, मग हातभर. त्या दूर्वा होत्या. पन्नास वर्षं पाण्याखाली राहून खुंट विरघळला नव्हता आणि त्याच्या माथ्यावरचं गवत हिरवं होतं. तळं त्या दिवशी दुपारपर्यंत कमरेचं गुडघ्यावर आलं. हे कसं झालं ते विचारू नका, आम्हीही कधी विचारलेलं नाही.

सगळं गाव चिखल तुडवत तिथे गेलं. कारभाऱ्याचे जोडे खराब व्हायला नकोत म्हणून दोघांनी त्याला उचलून नेलं. ते दोघेही वडारच होते.

नागव्वाने हाताने माती उकरली. एकामागून एक गाडगी निघाली, मुठीएवढी, तोंड मातीने लिंपलेली. एकूण तेरा.

“यात तुमची किती?” कारभाऱ्याने विचारलं.

“आमची सात. गावाची सा.”

गावाची म्हणताच लोक पुढे सरकले. नागव्वा म्हणाली की त्या तीन वर्षांत गावची सुईण दगावली होती, म्हणून गावातल्या बायकाही तिच्या आईलाच बोलावत. दिवा धरायला ती स्वतः जायची. “हे पाटील जल्मलं तवा बी दिवा माझ्याच हातात हुता,” ती म्हणाली.

हैबती पाटलांची आई त्यांना लहानपणी म्हणायची, तुझी नाळ तळ्याला दिलीय रे बाबा. लाडाचं बोलणं म्हणून त्यांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आता त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं.

कारभारी मात्र बधला नाही. “गावची सहा इथेच ठेवा. वाटसरूंची सात शिवेपार नेऊन टाका, आणि मागोमाग ती माणसं. चला.”

“कुठली आमची, ती काडून द्या,” नागव्वा शांतपणे म्हणाली. “मला ठावं न्हाई. आयनं गाडग्यावर खून केली न्हवती. म्हनायची, मातीला समदी सारकीच.”

कारभाऱ्याने पाटलांकडे पाहिलं. पाटील गुडघ्यावर बसले. त्यांनी एक गाडगं उचललं, हातात फिरवलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. एकाचं लिंपण जरा फोडून आत पाहिलं, तर नुसती काळी माती. तेरा गाडगी झाली आणि त्यातलं आपलं कुठलं ते त्यांना कळेना. आपण पन्नास वर्षं ज्यांना वाटसरू म्हणत आलो, त्यांच्यातून आपल्याला वेगळं काढता येत नाही, हे त्या माणसाला तिथे चिखलात बसून उमगलं, आणि ते सगळ्यांदेखत रडले.

मग ते उठले. पहिल्यांदाच त्यांनी वरच्याच्या शब्दाला मान हलवली नाही. “कारभारी, ह्यातलं एक बी गाडगं शिवेपार जायाचं न्हाई,” ते म्हणाले. “न्यायाचं तर तेरा बी न्या. मग आमी बी जातो, आन दप्तरात माझ्या नावाफुडं बी वाटसरू लिवा.”

गावातली आणखी चौघं त्याच तीन वर्षांत जन्मलेली होती. ती पाटलांच्या मागे येऊन उभी राहिली. कारभाऱ्याला माघार घ्यावी लागली. पाटलाला शिवेपार हाकणारा हुकूम त्याच्याजवळ नव्हता.

तेवढ्यात बांधाकडून बाळाचं रडणं ऐकू आलं. हनमव्वा मोकळी झाली होती. आईही सुखरूप, लेकरूही सुखरूप, असं एका बाईने ओरडून सांगितलं, आणि नागव्वाचा जीव भांड्यात पडला. ती चिखलातच मटकन बसली. पाटलांनी वाकून तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तिच्यापुढे धरलं.

“पी आक्का,” ते म्हणाले. “खुंट दिसला.”

ती प्यायली. संध्याकाळपर्यंत तळं पुन्हा सकाळी होतं तिथवर चढलं. पण त्याआधी चौदावं गाडगं खुंटात पुरून झालं होतं.

‘वाटसरू’ हा शब्द चावडीवर सगळ्यांसमोर खोडला गेला. संस्थानने मोठ्या मनाने मेहेरबानी केली, असं दप्तरात लिहिलंय म्हणे, लिहू द्या. वडारांना दगडाचा हक्क मिळाला. पहिले दगड त्यांनी खुंटाभोवती रचले आणि दुसरे नागव्वाच्या घराच्या पायात घातले. ते घर उगवतीच्या काठावर अजून उभं आहे.

आजही खैरमाळात मूल जन्मलं की त्याची नाळ गाडग्यात घालून नावेतून खुंटावर नेतात. मूल पाटलाचं असो, वडाराचं असो, नाहीतर बदलीवर आलेल्या मास्तरांचं. गाडग्यावर खूण करायची नाही, एवढा एकच नियम. मागे बँकेतल्या एका साहेबांनी हौसेने मुलीचं नाव गाडग्यावर रंगवून आणलं होतं. नागव्वाच्या वंशातली म्हातारी नावेत बसली होती. तिने ते गाडगं त्यांच्या हातातून घेतलं, तळ्याच्या पाण्यात धरून अंगठ्याने नाव पुसलं, आणि मग म्हणाली, “हां, आता झाली तुमची लेक हितली.”