चंद्राकडे निघालेला लाकडी हंस

पूर्वी गोदावरीच्या तीरावर पोतली नगरात अश्मक राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व एका श्रीमंत व्यापारी घराण्यात जन्मला. त्याचे नाव भद्रगुप्त. कापसाच्या व्यापारात त्याने बक्कळ पैसा मिळवला आणि एका वेडापायी तो पाण्यासारखा खर्च केला. त्याला चंद्रावर जायचे होते. त्यासाठी सुतार आणि विणकर पदरी ठेवून त्याने रेशमी पंखांचा भला मोठा लाकडी हंस बनवून घेतला. हसू नका. चंद्र किती लांब आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

नदीतल्या बेटावर गुराख्यांची वस्ती होती. तिथली गोमती रोज होडीने पोतलीत ताक विकायला येई. एकदा भद्रगुप्ताच्या दारात तिने तोंडाचा पट्टा सोडला.

"श्रेष्ठी, आमच्या बेटाला साधा पूल नाही. माझा नवरा याच पाण्यात गेला. आणि तुम्ही निघालात चंद्रावर! तिथं कोण तहानलेलं बसलंय?"

"पैसा माझा, वेड माझं," भद्रगुप्त चिडून म्हणाला. "पूल बांधणं राजाचं काम."

ते खरेच होते, आणि राजा ते काम करत नव्हता हेही खरे होते. तरी त्या दिवशी भद्रगुप्ताला जेवण गोड लागले नाही.

हंस टेकडीच्या कड्यावरून सोडायचा, तर जोराचा वारा हवा. तसा वारा आषाढात मोजकेच दिवस वाहतो. भद्रगुप्त आता म्हातारपणाकडे झुकला होता आणि गाठीचा पैसाही संपत आला होता. यंदा नाही तर कधीच नाही, हे तो जाणून होता.

अखेर तसा वारा सुटला. राजासकट सारे नगर टेकडीवर लोटले. आणि नेमके तेव्हाच, वर डोंगरात कोसळलेल्या पावसाचे पाणी खाली आले. बघता बघता नदी फुगली, बेटाची होडी वाहून गेली आणि पाणी गोठ्यांना लागले. अशा धारेत नाव घालायला एकही नावाडी धजेना. या तीरापासून बेटापर्यंत दोर बांधला असता, तर त्याच्या आधाराने तराफे नेता आले असते. पण तो पलीकडे न्यायचा कोणी?

ताक विकायला नगरात आलेली गोमती धावत टेकडी चढून आली. तिच्या दोन्ही मुली बेटावर होत्या. तिने हंसाकडे पाहिले आणि हात जोडले.

"बारीक दोरी आणा," भद्रगुप्त म्हणाला. "ती मी पलीकडे नेतो. मग तिला जाड दोर बांधा."

मुख्य सुतार गडबडला. "श्रेष्ठी, उतरताना पंख मोडतील. दुसरा हंस बांधायला आता पैसा कुठे आहे?"

"ठाऊक आहे रे."

त्याला रडू येत होते. जन्मभराचे स्वप्न असे गोठ्याच्या चिखलात उतरवायला कोणाला आवडेल? पण त्याने कमरेला दोरी बांधली आणि कड्यावरून हंस सोडला.

हंस बेटावर आदळला. पंख मोडले, भद्रगुप्ताचा पायही मोडला. गुराख्यांनी दोर ओढून चिंचेला बांधला. बेट बुडण्याआधी माणसे, गुरे, गोमतीच्या मुली, सगळी पोतलीत पोचली.

राजाला लाज वाटली आणि पूल झाला. पुढे कोणी न सांगता एक नवलच घडले. ज्यांनी भद्रगुप्ताला नावे ठेवली होती, त्याच लोकांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी दुसरा हंस बांधला. पण अधू पायाने त्याला तो हाकता येईना. सगळे हळहळले. तो मात्र गोमतीकडे वळून म्हणाला, "बाई, तू जा."

"अगंबाई, मी?"

"पुराच्या दिवशी मी एका दोरीपुरता उडालो. तू जरा निवांत उड."

ती तयार झाली. नगरावर लांब घिरट्या घालून शेतात उतरली, तेव्हा भद्रगुप्त काठी टेकत सर्वांच्या पुढे धावला.

"चंद्र जवळ दिसला का गं?"

गोमती ओशाळली. "त्याच्याकडे बघायचं राहूनच गेलं, श्रेष्ठी. खाली आपली पोतली दिसत होती. एवढी सुंदर, एवढीशी! तिच्यावरून नजर हटेना."

भद्रगुप्त हसला आणि मग कितीतरी वेळ रडत राहिला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद. मुख्य सुतार म्हणजे मौद्गल्यायन. गोमती म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा थेरी आणि भद्रगुप्त मीच होतो. धन देणे सोपे असते. आपले स्वप्न दुसऱ्याच्या हाती देणे, ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता."