भोक पडलेला अंतरपाट

तळ्याकाठच्या एका गावात एक भोळा भाचा होता. नाव बारकू, अंग रेड्याएवढं. सांगितलं ते करायचा. सांगितलं तेवढंच करायचा. तीच तर पंचाईत.

त्याच्या मामाचं बाजारात फोटोचं दुकान होतं. मामाला मुलगी एकच, गोदी. बारकूला गोदी हवी होती, आणि गोदीलाही बारकूच हवा होता. त्याच्याकडे बघितलं की तिला हसू यायचं, आणि हसवणारा नवरा बरा, असं तिचं म्हणणं. मामाचं म्हणणं निराळं.

"जावई दुकान चालवणारा पाहिजे," मामा म्हणाला. "तळ्यावर रोहित पक्षी उतरलेत. गुलाबी पंखांचे, काठीसारख्या पायांचे. त्यातल्या एकाचा नीट फोटो आण. ज्याला पक्षी टिपता येतो त्याला माणूस टिपता येतो. माणूस निदान बस म्हटलं की बसतो. फोटो आणलास तर गोदी तुझी. नाहीतर दुसरं स्थळ आलेलंच आहे."

"आणतो की मामा. कसा काढायचा?"

"रोहितानं पंख उघडले रे उघडले, की झटकन शटर पाड."

बारकू कॅमेरा गळ्यात घालून तळ्यावर बसला. रोहितानं पंख उघडले. बारकू उठला, जो पळत सुटला तो थेट बाजारात, आणि मामाच्या दुकानाचं शटर धाडकन खाली पाडलं. आत एक आजोबा नवी टोपी घालून फोटोला बसले होते. ते अंधारात ओरडले, "गेलो का काय मी?"

मामा शटर वर करून बाहेर आला. "अरे खुळ्या! दुकानाचं नव्हे, कॅमेऱ्याच्या पोटातलं शटर! हे बटण दाबलं की पडतं ते. उगाच अंधार केलास. अंधार असला की भोक मोठं करायचं, म्हणजे उजेड आत येतो."

"बरं मामा. आता ध्यानात राहील."

राहिलं. तेच तर वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं. पक्षी बिचकू नयेत म्हणून मामानं तळ्यावर गोणपाटाचा आडोसा बांधून दिला होता, बघायला त्याला लिंबाएवढं भोक. बारकू आत बसला. "अंधार आहे," म्हणाला, आणि कोयत्यानं भोक मोठं केलं. थोडा उजेड आला. आणखी मोठं केलं. आणखी उजेड आला. शेवटी भोक एवढं मोठं झालं की भोवती गोणपाटच उरलं नाही. उघड्यावर कोयता घेऊन बसलेला बारकू बघून सगळे रोहित भुर्रकन उडाले.

मामानं कपाळ धरलं. "अरे, भोक भिंगातलं मोठं करायचं! आडोशाचं नव्हे! आडोशाबाहेर तर कधीच यायचं नाही. समोरचा बिथरतो. आणि भोक मोठं करूनही उजेड पुरेना, तर हे चाक फिरव. पण बेतानं हं. जास्त फिरवलंस तर फोटोत दाणे येतात, वाळू सांडल्यासारखे. दाणे आले की फोटो वाया. दाणे येऊ द्यायचे नाहीत!"

"बरं मामा. आता ध्यानात राहील."

तिसऱ्या दिवशी बारकूनं कॅमेऱ्याला डोळा लावला. पुढं रोहित, आणि मागं काठावर भागाआत्याची ज्वारी. कणसं टच्च भरलेली. बारकू ताडकन उठला. "आले की दाणे!"

तळ्याला वळसा घालून तो शेतात शिरला आणि कडाकड कणसं मोडायला लागला.

"काय करतोस रे मुडद्या?" भागाआत्या किंचाळली.

"दाणे येऊ द्यायचे नाहीत, आत्या."

"ते यावेत म्हणून तर राबले मी!" असं म्हणून आत्यानं खुरपं उगारलं आणि बारकूला दुकानापर्यंत पिटाळत आणलं.

"मामा, तेवढी एक आत्या आवरा," बारकू धापा टाकत म्हणाला.

मामा खाली बसला. "अरे बाबा, तिघांचा मेळ घालायचा असतो. शटर झटकन पाडलं की उजेड कमी पडतो, मग भोक मोठं कर. तरी पुरेना तर चाक फिरव. एकाला सोडलं की दुसऱ्याला आवर. समजलं? उद्या शेवटचा दिवस. परवा ती माणसं गोदीला बघायला येणार."

"बरं मामा."

दाराआड गोदीनं ते 'बरं मामा' ऐकलं, आणि तिचं हसू पळालं. सकाळी तिनं कॅमेरा स्वतः जुळवला आणि बारकूच्या हातात दिला.

"सगळं लावून दिलंय. कशाला हात लावू नको. नव्या आडोशात बस, रोहितानं पंख उघडले की बटण दाब."

"शटर?"

"शटर नाही. बटण."

"भोक?"

"भोक नाही."

"दाणे?"

"बारकू!"

बारकूनं बटण दाबलं. आणि काय फोटो आला म्हणता! पीस न् पीस सुटं, चोचीला पाण्याचा थेंब लोंबतोय. मामा बघतच राहिला. मग म्हणाला, "साखर आण गं गोदे."

लग्न ठरलं. मुहूर्त गोरज, दिवेलागणीचा. मांडवात उजेड बेताचाच. मामा कॅमेरा रोखून उभा. भटजींनी अंतरपाट धरला. अलीकडं बारकू, पलीकडं हार घेऊन गोदी.

बारकूनं पाहिलं. पुढं आडोसा आहे. अंधार आहे. हातात नवरदेवाची कट्यार आहे. त्यानं अंतरपाटाला हे एवढं भोक पाडलं.

"अहो नवरदेव!" भटजी ओरडले. तेवढ्यात 'सावधान' झालं आणि चहूकडून अक्षता आल्या.

"दाणे आले! फोटो वाया!" बारकूनं टोपीवाल्या आजोबांची छत्री हिसकली आणि फट्कन उघडली.

मंगलाष्टकं संपली. वाजंत्री वाजली. भटजी अंतरपाट ओढतात, तर बारकूनं दुसऱ्या मुठीत गच्च धरलेला.

"सोडा! मुहूर्त टळतोय!"

"श्शू! आडोशाबाहेर यायचं नाही. समोरची बिथरेल."

समोरची काही बिथरली नाही. ती खुदकन हसली, भोकातून कोपरापर्यंत हात घातले आणि हार बारकूच्या गळ्यात टाकला. मामानं झटकन शटर पाडलं.

तो फोटो दुकानात रोहिताच्या शेजारी लागलाय. फोटोत नवरी आहे, फाटका अंतरपाट आहे, छत्री आहे. गिऱ्हाईक विचारतं, "नवरा कुठाय हो?"

आणि बारकू छाती फुगवून सांगतो, "नवऱ्याचं सोडा. एक तरी दाणा दिसतोय का बघा!"