चिलटांचं माहेर

इनामदार दाजीसाहेबांच्या दिवाणखान्यात चिलटांनी उच्छाद मांडला होता. दाजीसाहेबांनी चौकशी न करताच निकाल दिला, "ही सगळी सूनबाईच्या माहेरच्या आंब्यांची करणी! यापुढे तिकडची टोपली उंबऱ्याच्या आत येता कामा नये."

नेमके त्याच दुपारी सूनबाईचे, म्हणजे वेणूचे, वडील आंबे घेऊन आले. दाजीसाहेबांनी त्यांना ओटीवरच थांबवलं. वडिलांचा उतरलेला चेहरा पाहून वेणू पुढे झाली. भिंतीवरचं एक चिलट तिनं अलगद पकडलं.

"मामंजी, आंब्यावरचं चिलट गुळगुळीत असतं. हे बघा, केसाळ आहे, पतंगासारखं. याला फळ नको, ओल हवी. दिवेलागणीपर्यंत याचं घर शोधून देते."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर टोपली मीच परत पाठवीन."

तिनं काचेच्या वाडग्याला आतून तूप चोपडलं आणि तो न्हाणीघरातल्या मोरीच्या तोंडावर पालथा घातला. ते न्हाणीघर खास दाजीसाहेबांचं. एरवी ते तिथं घासायलासुद्धा कुणाला शिरू देत नसत. दिवे लागले तेव्हा वाडगा चिकटलेल्या चिलटांनी काळा झाला होता.

वेणूनं तो सासऱ्यांपुढे धरला. "मामंजी, चिलटांचं माहेर सापडलं. ते माझ्या माहेरी नाही, तुमच्या मोरीत आहे. आता उंबऱ्याबाहेर कुणाला ठेवायचं, ते सांगा."

दाजीसाहेब क्षणभर मिशी कुरवाळत राहिले. मग खो खो हसत स्वतःच ओटीवर गेले.

"व्याहीबुवा, आत या! टोपली द्या इकडे. अहो, मुलगी दिलीत की वकील?"