पास्कोल मास्तरांच्या तारा

वसईच्या बाजूला, केळीच्या बागा अजून शिल्लक आहेत अशा एका गावी, एकदा एक शिक्षिका राहत होती आणि तिला एका आवाजाची ओढ लागली होती. तिचं नाव एल्विना रुमाव. सकाळी ती प्राथमिक शाळेत शिकवी आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवी. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. नाचणाऱ्यांचं तिच्याकडे लक्ष नसतं, पण ती थांबली की त्यांचे पाय चुकतात.

ही ओढ तिला लागली ती सोळाव्या वर्षी, मावसबहिणीच्या लग्नाच्या मांडवात. जोडीने नाचायचा संथ वॉल्ट्झ सुरू होता. कोपऱ्यात पास्कोल तुस्कानो नावाचे गृहस्थ, ज्यांना सारा गाव मास्तर म्हणे, डोळे मिटून बेस वाजवत होते. तो स्वर एल्विनाच्या कानांवर पडण्याआधी बसल्या खुर्चीतून तिच्या अंगात शिरला. गोल, मऊ, आणि उमटता उमटताच दूर जाऊ लागलेला. कोणीतरी आपल्याला हाक मारावी आणि आपण वळेपर्यंत दिसेनासं व्हावं, तसं तिला झालं. पंगत बसली तरी ती जागची उठली नाही.

पुढे ती मास्तरांकडेच शिकली. बोटं कशी ठेवायची, ताल कसा धरायचा, गाणाऱ्याच्या एक पाऊल मागे कसं राहायचं, हे सगळं त्यांनी तिला दिलं. वाजवून मात्र दाखवलं नाही. त्यांची बोटं तोवर संधिवाताने वाकली होती आणि आपली गिटार त्यांनी विकून टाकली होती. एल्विनाकडे होती ती नव्या धर्तीची, भरीव लाकडाची, ठणठणीत आवाजाची गिटार. तिच्यावर ती चोख वाजवी. लोक कौतुक करत. पण घरी परतताना दर वेळी तिच्या मनात येई, आजही तो स्वर आला नाही.

अखेर तिने मास्तरांच्या त्या गिटारीचाच माग काढला. त्यांच्या जुन्या साथीदारांना विचारत विचारत ती पुण्यात जुनी वाद्यं विकणाऱ्या एका व्यापाऱ्यापाशी पोहोचली. गिटार दुकानाच्या मागच्या भिंतीला टांगलेली होती. लाकूड मधासारखं, कडांना काळपट झालेलं. मधोमध भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी, आणि त्या पोकळीवरच्या फळीला वळणदार चिरा. मानेच्या मागे, जिथे अंगठा सरकतो, तिथलं पॉलिश पार उडून गेलं होतं. एल्विनाने त्या उघड्या लाकडावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"बाई, हिच्या तारासुद्धा मूळच्याच आहेत," व्यापारी म्हणाला. "आधीच्या मालकांनी कधी बदलल्या नाहीत. मीही हात लावला नाही. तुम्हीही बदलू नका. आवाज मुरलाय त्यांच्यात."

तिने आपली भरीव गिटार तिथेच बदल्यात दिली, वर काही रक्कम भरली, आणि ही घरी आणली.

पण नवं वाद्य घरी आणणं आणि ते आपलंसं होणं, यांत अंतर असतं. ही गिटार गळ्यात घेतली की तिचं खुंट्यांकडचं डोकं जमिनीकडे झुके. डाव्या हाताने ती सावरावी तर खांदा भरून येई. मानेवर स्वर दाबायच्या पट्ट्या एकमेकींच्या फार जवळ होत्या, त्यामुळे वर्षानुवर्षं लांब पल्ला घेणारी तिची बोटं नेमकी पुढे पडत आणि स्वर बेसूर होई. सवयीने जोर लावावा तर तार कडाडे. सगळ्यात वाईट म्हणजे, आवाज वाढवून स्पीकरजवळ उभं राहिलं की गिटारीची पोकळी आपोआप घुमू लागे आणि हंबरल्यासारखा एक लांबलचक आवाज निघे. सराव त्या आवाजापाशीच थांबे.

बँड चालवणारा नेल्सन स्वतः ड्रम वाजवी. मनाने चांगला, पण स्पष्ट. तो म्हणाला, "एल्विना, पुढच्या महिन्यात डाबऱ्यांच्या घरचं लग्न आहे. मांडवात ही अशी हंबरली तर लोक हसतील गं. तुझी जुनी कुठंय?"

"दिली."

"दिली? मग मी विरारच्या त्या बेस वाजवणाऱ्या माणसाला बोलावून ठेवतो. राग मानू नकोस."

राग तिला आला नाही. तिचं दुःख वेगळंच होतं. शाळा सुटल्यावर, घरात कोणी नसताना, तिने आवाज अगदी कमी करून तोच जुना वॉल्ट्झ हळुवार वाजवून पाहिला होता. स्वर गोड आले, पण तो स्वर आला नाही. तीच गिटार होती आणि त्याच तारा. आता दोष द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं.

ती मास्तरांकडे गेली. ते दुपारचे ओट्यावर बसले होते. तिने गिटार पिशवीतून काढली मात्र, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा परदेशी गेलेलं माणूस न कळवता दारात उभं राहिल्यावर होतो. त्यांनी ती मांडीवर घेतली. वाकलेला अंगठा मानेमागच्या त्या उघड्या लाकडावर गेला आणि तिथेच थांबला.

"कुठे मिळाली?"

तिने सगळं सांगितलं, मावसबहिणीच्या लग्नात ऐकलेल्या त्या स्वरापासून ते हंबरणं आणि नेल्सनपर्यंत. मग म्हणाली, "मास्तर, मला फक्त एकदा वाजवून दाखवा. चारच स्वर. कुठे चुकतंय ते मला कळेल."

मास्तरांनी चारही तारांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "आत खिडकीखालच्या खणात पक्कड आहे. घेऊन ये."

काहीतरी दुरुस्त करणार असतील, म्हणून ती लगबगीने घेऊन आली. मास्तरांनी एकेक खुंटी फिरवून चारही तारा सैल केल्या. मग दोन्ही हातांनी पक्कड धरली आणि पहिली तार मधोमध तोडली. एल्विना ओरडली. त्यांनी दुसरी तोडली, तिसरी तोडली. चौथी सर्वांत जाड होती, तिला जोर लागला, तीही तोडली. तुटक्या तारांचं वेटोळं करून त्यांनी ते ओट्याच्या कडेला ठेवलं.

"काय केलंत हे?" तिला रडू फुटलं. "इतकी वर्षं जिच्यामागे लागले ती... तुमचाच आवाज होता ना त्यांच्यात!"

"नव्हता, बाय," मास्तर म्हणाले. "बस. सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

"मी तरुणपणी जहाजावरच्या बँडमध्ये होतो. तिथे एक म्हातारा माणसाएवढा उंच, उभा बेस वाजवायचा, नुसत्या लाकडाचा, विजेशिवायचा. त्याचा खर्ज ऐकला आणि माझं खाणंपिणं सुटलं. ते धूड घेऊन फिरणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून मी ही अर्धी पोकळ गिटार घेतली. वाटलं, निदान जवळ तरी जाईन. नाही गेलो. रोज संध्याकाळी त्या म्हाताऱ्याच्या आवाजामागे लागायचो आणि रोज हुकायचो. तुझ्या मावसबहिणीच्या लग्नात तर फारच हुकलं होतं. डोळे मिटले होते ते लाजेने. तू जो ऐकलास, बाय, तो माझा आवाज नव्हे. मला जो सापडत नव्हता, त्याच्यामागे जाताना माझ्या हातून जे निघालं, ते तू ऐकलंस. ते या तारांत कसं राहील? तू मात्र त्यांत मला शोधत बसली असतीस. जन्मभर."

एल्विनाने डोळे पुसले. मग तिने विचारलं, "आणि तो म्हातारा?"

"तोही कोणाच्या तरी मागे असणार. मी कधी विचारलं नाही. तेव्हा मला वाटायचं, त्याला सापडलंय."

"तुम्हाला अजून तो आवाज हवासा वाटतो, मास्तर?"

मास्तरांनी गिटार तिच्या हातात परत दिली. "विकली तेव्हा वाटलं होतं, सुटलो," ते म्हणाले. "सुटलो नाही."

एल्विनाने नव्या तारा बसवल्या. त्या कोऱ्या होत्या, चमकदार होत्या, आणि पहिले काही दिवस भांड्यांसारख्या वाजत. आता त्यांच्यात शोधण्यासारखं कोणीच नव्हतं, त्यामुळे तिला गिटारीकडेच पाहावं लागलं. गळ्यातला पट्टा तिने आखूड केला आणि तो रुंद, खरबरीत कापडाचा घेतला, म्हणजे डोकं झुकेना. मानेवरच्या पट्ट्यांमधलं कमी अंतर बोटांच्या अंगवळणी पडलं. स्पीकरपासून ती दोन पावलं लांब, तिरकी उभी राहू लागली. जोर लावल्याने हे वाद्य मोठं होत नाही, नुसतं रागावतं, हे तिला कळलं. स्वर लवकर विरतो म्हणून आधी ती घाईने पुढचा वाजवी. आता ती त्याला विरू देई आणि मधल्या शांततेत गाणाऱ्याला जागा मिळे. विरारच्या माणसाला नेल्सनने नको म्हणून कळवलं, हे तिला मागाहून समजलं.

डाबऱ्यांच्या मांडवात वॉल्ट्झ सुरू झाला तेव्हा तिने पुन्हा त्या सोळाव्या वर्षाच्या आवाजाकडे हात लांबवला. तो अगदी समोर होता असं तिला वाटलं. मग तो नव्हता. पण हात थांबला नाही, तसाच पुढे जात राहिला, आणि नाचणाऱ्यांची पावलं हळूहळू संथ झाली. एक वयस्कर बाई नाचायची थांबून नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून नुसतीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटोपून एल्विना मास्तरांकडे गेली. ते ओट्यावर एकटेच होते.

"मास्तर, हुकलं," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कितीने?"

"थोडक्यात."

मास्तर जरा बाजूला सरकले आणि आपल्या शेजारची जागा त्यांनी तळहाताने पुसली. एल्विना तिथे बसली. दोघंही समोर, एकाच दिशेला पाहत होती.

ज्याला अशी ओढ लागली असेल, त्याने ती सुटावी म्हणून प्रार्थना करण्याची घाई करू नये.