हातांनी मोजलेले सुरुंग

त्या साली धर्मोपदेशक लाजरसबाबा खैरमाळावर मुक्कामाला होते. डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची वीस-बावीस घरे, एक लहानसे चर्च आणि प्यायला पाण्याचा थेंब नाही. म्हणून चर्चमागे विहीर खोदायला घेतली होती. बाबा सकाळी कामकऱ्यांबरोबर प्रार्थना करीत आणि मग स्वतः दगडाच्या पाट्या उचलीत. केवढी ती नम्रता!

पाट्या वाहणाऱ्यांत सगुणाबाई होती. तापात तिचे दोन्ही कान गेलेले. सुरुंगांनंतर सर्वांत आधी विहिरीत उतरे तो तिचा नवरा मोशे. त्यामुळे सुरुंग उडताना ती जमिनीला तळवे टेकून बसे आणि एकेक हादरा मोजी. मुकादम देवदानरावांना याचे भारी हसू येई. "बहिरी मोजणार अन् आपण उतरणार!" असे ते चारचौघांत म्हणत. तीस वर्षे सुरुंग लावलेला माणूस, त्याचा ताठा काय विचारता!

एके दिवशी प्रार्थना आटोपली आणि बाबा गंभीर झाले. म्हणाले, "देवदानराव, आज घाई नको. प्रभू मला 'थांबा' म्हणतोय. का, ते ठाऊक नाही."

"पाणी हाताशी आलंय, बाबा," मुकादम हसले. "प्रभूला म्हणावं, उद्या थांबू."

दुपारी सात वाती पेटल्या. माणसे बांधाआड दडली. पाच धमाके एकापाठोपाठ झाले, सहावा जरा मागाहून, मग सातवा ऐकू आला.

"सात! चल रे मोशे!"

मोशे रहाटाला टांगलेल्या मोठ्या लोखंडी बादलीत शिरला. तोच सगुणा धावत आली आणि तिने त्याची बाही घट्ट धरली.

"सहाच झाले! एक राहिलाय खाली!"

"म्या कानांनी ऐकलंय!" मुकादम गरजले. "हिला बाजूला करा."

बाबा म्हणाले, "मुकादम, उतरू देऊ नका. सकाळचा इशारा याचाच होता."

चारचौघांत बाईचे ऐकायचे? मुकादमांना ते झोंबले. "मग मीच उतरतो याच्यासंगं. सोडा दोर!" म्हणत तेही बादलीत चढले.

बादली दोन हात खाली गेली आणि रहाट अडला. कालच वंगण दिलेला रहाट! चौघांनी जोर लावला, तरी तो तसूभर हलेना. खालून मुकादम शिव्या हासडत होते. बाबा तिथेच गुडघ्यांवर आले. "प्रभू, दोघांनाही परत दे." मग डोळे उघडून म्हणाले, "आता वर ओढा."

काय आश्चर्य! हात लागताच रहाट उलटा फिरला. दोघे काठावर आले, दहा पावले चालले नसतील, तोच विहीर फुटल्यासारखी गरजली. दगड उसळले. बादलीचा चेंदामेंदा झाला.

आणि समोरच्या डोंगरावरून तोच धमाका पुन्हा ऐकू आला. देवदानरावांचा चेहरा पांढराफटक पडला. सहाव्याचा पडसाद त्यांनी सातवा म्हणून मोजला होता!

ते बाबांच्या पायांशी वाकले. बाबांनी पाय मागे घेतले.

"देव कुणाच्या हाती निरोप धाडील, सांगता येत नाही. मान ताठ असली की तो माणूसच दिसत नाही, मुकादम."

देवदानरावांनी डोक्याचा पटका उतरवला आणि सगुणापुढे मातीत कपाळ टेकले. "चुकलो, बाई," ते हुंदके देत म्हणाले.

तिला ते ऐकू आले नाही. मोशेचा हात धरून ती रडत होती. वाकलेले डोके दिसले तशी ती घाईने खाली बसली.

"उठा दादा," ती म्हणाली. "तुम्हीबी वर आलात, देवानं लई केलं."